स्कॉलरशिपची कुस्ती

हडपसरच्या पलीकडचं आमचं गाव महापालिकेत गेलं तेव्हा मी शाळेत होते. मारुतीच्या देवळासमोर वॉर्डाची पाटी लागली, कचऱ्याची गाडी गाणं वाजवत यायला लागली आणि आमच्या शेताला लागून आयटी पार्क उभं राहिलं. आमची बरीचशी जमीन त्या भानगडीत विकली गेली. जमीन गेली म्हणून पैसे आले, आणि पैसे आले म्हणून माझ्यामागे एक शब्द लागला, गुंठामंत्री. ज्यानं गुंठ्यागुंठ्यानं जमीन विकून मोठी गाडी घेतली, बोटांत अंगठ्या घातल्या आणि चौकात स्वतःच्याच वाढदिवसाचा फ्लेक्स लावला, त्याला आमच्याकडे हे पद बहाल होतं. माझ्या वडिलांनी यातली फक्त गाडी घेतली होती. अंगठ्या आणि फ्लेक्स लोकांनी आपल्या मनानंच लावून टाकले.

खरं सांगायचं तर वडिलांना पैसेवाल्याचं सोंग कधी जमलंच नाही. उरलेल्या तुकड्यात ते अजून काकडी, मेथी लावतात. ती काढून मंडईतल्या एका जुन्या गाळेवाल्याला स्वतः नेऊन देतात, तेही त्या मोठ्या गाडीच्या डिकीत घालून. त्यामुळे आमच्या गाडीला नव्या सीटकव्हरचा वास कधी आलाच नाही, मेथीचाच आला. 'परवडतं का हे?' असं कुणी विचारलं तर ते म्हणतात, "न्हाय परवडत. पर सकाळी उठून काय करू?"

दहावीला मला चांगले मार्क पडले. शेजारच्या सोसायटीतल्या एक काकू पेढा तोंडात टाकत म्हणाल्या, "छान हं! आजकाल क्लासही किती महाग असतात ना." अकरावीला शहरातल्या कॉलेजात गेले, तिथे वर्गातली पोरं म्हणायची, "तुला कसलं टेन्शन? एक गुंठा काढला की कुठेही ॲडमिशन." मी त्यांच्याबरोबर हसायचे आणि परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून दातओठ खायचे. माझा राग मुळातच नाकाच्या शेंड्यावर. घरी तो बाहेर काढता येतो, बाहेर गिळावा लागतो, आणि गिळलेला राग मला कधीच पचला नाही. मला एकदा तरी असं काहीतरी मिळवायचं होतं, की ज्याच्यापुढे गुंठा चालत नाही.

ते काय असू शकतं हे मला आमच्या भूगोलाच्या मॅडमनी सांगितलं. या मॅडम अस्सल पुणेरी. त्यांनी 'बरं आहे' म्हटलं की वर्ग आठवडाभर हवेत असायचा. बारावीत असताना एकदा तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"पुढे काय करणार?"

"बी.कॉम."

"का?"

"कॉलेज घराजवळ आहे."

"रिक्षा स्टँडही घराजवळच असेल," मॅडम म्हणाल्या. "मग कॉलेजची तरी दगदग कशाला?"

मग त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका विद्यापीठाबद्दल सांगितलं. तिथे नेहमीच्या पदवीबरोबर ऑनर्स प्रोग्रॅम असतो. मोजकी मुलं घेतात, छोटे वर्ग, पहिल्या वर्षापासून स्वतःचं संशोधन करायचं. त्यासाठी वेगळा अर्ज, एक निबंध आणि मुलाखत. निवडलेल्यांत जे अगदी वरचे ठरतात त्यांना मेरिट स्कॉलरशिप, म्हणजे फी विद्यापीठ भरणार.

"ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी दुसरी स्कॉलरशिप आहे, तिचा अर्ज निराळा," मॅडम म्हणाल्या. "ही नुसती डोक्याची. डोकं असेल तर बघ."

मला ऑनर्स तर हवंच होतं, पण डोक्यात बसली ती स्कॉलरशिप. तिथे कुणी म्हणू शकणार नव्हतं की वडिलांनी फी भरली. वडील फी भरणारच नव्हते!

घरी सांगितलं तेव्हा वडील पाण्याच्या मोटरीचा पंखा खोलून बसले होते. "शीक की," ते म्हणाले, "फीची काळजी करू नगंस." मी म्हटलं, फीचा प्रश्नच नाही, स्कॉलरशिप मिळवायची आहे. ते "हां हां" म्हणाले आणि मला पाना मागितला. त्यांना वाटलं, स्कॉलरशिप म्हणजे गॅदरिंगला देतात तसलं काहीतरी, ढाल, सर्टिफिकेट वगैरे. तिथेच नीट बसून समजावलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं, पण पाना सापडत नव्हता.

निबंधाला विषय होता, तुमच्या आजूबाजूची अशी गोष्ट लिहा, जी इतरांच्या लक्षात येत नाही. मी आमच्या वावरांच्या नावांवर लिहिलं. आमच्या भागातल्या सोसायट्यांना अशा फुलांची इंग्रजी नावं आहेत, जी इथे कुणी कुंडीतसुद्धा पाहिलेली नाहीत. वडील मात्र अजून जांभळीचं वावर, तळ्याखालचं, म्हसोबाची पट्टी असंच म्हणतात. पार्सलवाल्याचा फोन आला की त्याला सांगतात, "जांभळीपाशी ये." तिथे आता बारा मजले आहेत, जांभूळ तोडूनही जमाना झाला. पण गंमत अशी की पार्सलवाला येतो. गेटवरच्या वॉचमनकडून त्याला ते नाव कळलेलं असतं, आणि वॉचमन तर पार बिहारचा.

मी नकाशा काढायला घेतला. खाली जुनी वावरं, त्याच्यावर ट्रेसिंग पेपरवर नव्या इमारती. ही नावं गोळा करताना घरात जी धमाल आली ती मी विसरणार नाही. वडील सांगायचे, आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "म्हसोबाची पट्टी वढ्याच्या अलीकडं हाय वं, पलीकडं न्हाय!" मग दोघं लाटणं आणि तांब्या मांडून ओढा कुठून जातो ते एकमेकांना दाखवायचे. विकलेल्या जमिनीबद्दल वडील कधी बोलत नसत. त्या आठवड्यात मात्र ते एका बांधावरून दुसऱ्या बांधावर असे काही फिरले, की मला ट्रेसिंग पेपर कमी पडला.

मॅडमना निबंध दाखवला. "पहिलं पान फाडून टाक," त्या म्हणाल्या. "निबंध दुसऱ्या पानावर सुरू होतोय." मी फाडलं आणि निबंध खरंच सुधारला. शिफारसपत्र त्यांनी परस्पर पाठवलं. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाल्या, "तुला वाचायला लिहिलेलं नाही. डोक्यात हवा जाईल."

मुलाखतीला आईनं हातावर दही-साखर ठेवली आणि वडील इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गाडी काढायला गेले. मी म्हटलं, बसनं जाईन. ते म्हणाले, "कुस्तीला कुणी येकटं जातं व्हय?" त्यांच्या लेखी जगातली सगळी महत्त्वाची कामं कुस्तीच्याच जातीची असतात. तरुणपणी ते गावोगावच्या मैदानांत खेळायचे. त्यांचा डावा कान अजून चुरगळलेल्या पापडासारखा आहे.

आत तिघे बसले होते, दोन सर आणि एक बाई. नकाशा टेबलावर पसरला आणि माझी भीतीच गेली. बाईंनी विचारलं, "जांभूळ राहिलं नाही, वावर राहिलं नाही. मग हे नाव किती दिवस टिकेल?"

"आप्पा, म्हणजे माझे वडील, आहेत तोवर नक्की," मी म्हटलं.

"त्यानंतर?"

"माहीत नाही. म्हणूनच नकाशा काढलाय."

हे बरं गेलं असं वाटत होतं तेवढ्यात एक सर म्हणाले, "जमीन विकली, म्हणजे घरची परिस्थिती चांगली दिसते. मग तुम्हाला मेरिट स्कॉलरशिपची गरज काय?" माझे कान तापले. इथेही गुंठा आलाच! बाई म्हणाल्या, "सर, तो निकष या स्कॉलरशिपला नाही." पण मला राहवेना.

"गरज नाही, सर," मी म्हटलं, "पण मला ती पाहिजे."

बाई हसल्या आणि त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी टिपलं. मी बाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

बाहेर वडील झाडाखाली एका माणसाबरोबर चहा पीत बसले होते. ते गृहस्थ मूळचे वाशीमकडचे, इथे एका कारखान्यात कामाला. त्यांचा मुलगा माझ्यानंतर मुलाखतीला आत गेला होता. दोघा बापांची तोवर चांगलीच गट्टी जमलेली. निघताना ते वडिलांना म्हणाले, "पोराले ते स्कॉलरशिप भेटली तं बरं होईल, भाऊ. नाही तं मग कठीणच आहे." वडिलांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

येताना गाडीत मी अखंड बडबडत होते. वडील नुसते "हां हां" करत गाडी चालवत होते. एका सिग्नलला ते म्हणाले, "लई गुणी पोरगं दिसतंय त्यांचं." मी म्हटलं, "हो ना!" आणि पुढे माझंच चालू ठेवलं.

चारेक दिवसांनी दुपारी फोन आला. "ऑनर्स विभागातून बोलतेय," एक बाई म्हणाल्या. आवाज असा, की मी बसल्या जागी ताठ झाले. "आपले वडील काल इथे येऊन गेले. आपला अर्ज मेरिट स्कॉलरशिपमधून काढून टाका, पूर्ण फी भरतो, असं म्हणाले. आणि काकड्या ठेवून गेले."

"काकड्या?" मी विचारलं.

"काकड्या चांगल्या आहेत," बाई पुढे म्हणाल्या. "पण अर्ज आपला आहे, त्यांचा नाही. असं कुणाच्या तोंडी सांगण्यावरून आम्ही काढत नाही. आपल्याला अठरा पूर्ण आहेत?"

"जूनमध्ये होतील."

"मग दोघांच्या सह्या लागतील. अर्ज ठेवायचा असेल तरी दोघांच्या, काढायचा असेल तरी दोघांच्या. एकदा पालकांनी हरकत घेतली म्हटल्यावर मला ते कागदावर लागतं. सोमवारी समिती बसतेय, त्याआधी या. काकड्या आणायची गरज नाही."

वडील मंडईतून आले आणि मी अंगणातच सुरू झाले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण समोरच्या सोसायटीतल्या तीन बाल्कन्यांत माणसं आली होती एवढं आठवतं. माझ्या नावाचा अर्ज तुम्ही कुणाला विचारून काढायला गेलात? माझ्या सगळ्या आयुष्यात एकच गोष्ट माझी होती!

वडिलांनी चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं आणि मग बोलले. "आपल्याला काय कमी हाय? त्या मानसाचं पोरगं त्याच्यावर शिकनार हाय. त्याच्या ताटातलं आपन वढायचं व्हय?"

"आप्पा, त्यांच्यासाठी वेगळी स्कॉलरशिप आहे!"

"तिजोरी येकच आसंल न्हवं?"

यावर मी आणखीच चिडले. वाईट याचं वाटत होतं की ते चुकीचं बोलतायत असंही मला म्हणता येईना. आमच्या घरात कुणाचं फुकट घेत नाहीत. लग्नात आहेर आला तरी वडील मनात धरून ठेवतात आणि संधी मिळेल तेव्हा सवाई करून परत देतात. अशा माणसाला, फीचे पैसे असूनही मला स्कॉलरशिपच हवी आहे, हे कसं पटवायचं?

मी अबोला धरला. आमच्याकडच्या अबोल्यात आईचे हाल होतात. "त्यांना सांग मीठ द्या," "तिला सांग मीठ तिच्या म्होरंच हाय," असा सगळा कारभार तिच्यामार्फत. शेवटी ती वैतागून म्हणाली, "दोघं बी येकाच मातीचं. मला न्हाई जमायचं हे, मी चालले जत्रंच्या पोळ्या लाटायला."

कारण त्याच शनिवार-रविवारी गावची जत्रा होती. गाव महापालिकेत गेलं तरी जत्रा काही गेली नाही. उलट आता तिला आयटीवाली मंडळीही येतात, पाळण्यात बसतात आणि कुस्त्यांचे व्हिडिओ काढतात. रविवारी दुपारी कुस्त्यांचं मैदान भरतं आणि शेवटच्या मानाच्या कुस्तीचं इनाम दर वर्षी माझे वडील लावतात. पैसा आल्यापासून नव्हे, त्याच्या आधीपासून. मी रागातच होते, पण आईबरोबर कडेच्या एका इमारतीच्या गॅलरीत जाऊन उभी राहिले. आता मुलींच्याही कुस्त्या लावतात, त्या तरी बघाव्यात म्हणून.

शेवटची कुस्ती लागली. एक पैलवान चांगला गोरागोमटा, अंगानं भरलेला. त्याच्या वडिलांचा सोलापूर रस्त्याला पेट्रोल पंप आहे हे अख्ख्या मैदानाला ठाऊक होतं. त्याची गाडी आमच्या गाडीहून मोठी होती. दुसरा काटक, सावळा, एसटीनं आलेला, बरोबर फक्त त्याचा वस्ताद. गाव सगळं त्या दुसऱ्याच्या बाजूनं ओरडत होतं. आई तर हात जोडून उभी होती. बराच वेळ दोघं एकमेकांना हलू देईनात. मग पेट्रोल पंपवाल्यानं असा काही खाली घुसून पट काढला, की सावळा पाठीवर पडला, चितपट. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुस्ती कुस्तीसारखी झाली होती.

वडील मैदानात उतरले. त्यांनी जिंकलेल्याला फेटा बांधला, इनाम हातात दिलं आणि त्याचा हात धरून मैदानभर फिरवलं. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

त्यानंतर त्यांनी दर वर्षी करतात तेच केलं. तो हरलेला पैलवान कडेला गुडघ्यांत मान घालून बसला होता. पाठीला तांबडी माती. वडील त्याच्यामागे गेले, वाकले आणि तळहातानं त्याच्या पाठीवरची माती झटकायला लागले. ही रीत त्यांच्या वस्तादांची. पाठीला माती लागली म्हणजे हरला, पण ती माती मैदानातच राहिली पाहिजे, पोरानं पाठीवर घेऊन घरी जाता कामा नये. ते दुसऱ्या कुणाला झटकायला सांगत नाहीत, स्वतः झटकतात. पाठ साफ होईपर्यंत. मग कानात काहीतरी बोलतात. त्या पोरानं मान वर केली आणि डोळे पुसले. वरून बघताना मलाही ओढणीनं डोळे पुसावे लागले, आणि अबोल्यात असं होणं फार गैरसोयीचं असतं.

परत येताना आई बायकांबरोबर मागे राहिली. वडील आणि मी पुढे, मध्ये गोडीशेवेची पुडी. शेवटी मीच बोलले.

"आप्पा, तो जिंकलेला. त्यांचा पेट्रोल पंप आहे ना?"

"दोन हायेत," वडील म्हणाले. अबोला सुटल्याचं त्यांनी दाखवलं नाही, पण पुडी माझ्याकडे केली.

"मग त्याला कशाला दिलं इनाम? दुसऱ्याला द्यायचं. तो बिचारा एसटीनं आला होता."

वडील थांबले. "येडी हायस का? इनाम हाय त्ये. पाडलंय त्यानं."

"पण त्याला काय कमी आहे?"

"कमी-जास्ती मैदानाभायेर. आत उतरल्यावर कुनाच्या बापाचं काय हाय ते बघत्यात व्हय? आन् त्या दुसऱ्याला आसंच दिलं आसतं, तर त्यानं घेतलं आसतं? थोबाडावर फेकलं आसतं माज्या!"

मी पुडीत हात घातला. शेव खात राहिले. आयुष्यात क्वचितच मी योग्य वेळी गप्प बसले असेन, त्यातली ही एक वेळ. वडील दोन पावलं चालले, थांबले, पुन्हा दोन पावलं चालले. पाळण्याचा कर्णा मागे किंचाळत होता. त्यांनी आपला मोडका कान चोळला. काही अवघड झालं की ते तो कान चोळतात.

"आन् त्या वाशीमवाल्याचं पोरगं?" त्यांनी विचारलं.

"तोही उतरलाय की. तो मला पाडूही शकतो. तुम्ही मला बाहेर काढलंत, तर तो तरी म्हणेल का, मी जिंकलो म्हणून?"

त्यांनी पुन्हा कान चोळला. घराच्या फाटकाशी आल्यावर म्हणाले, "किती वाजता उघडतंय त्ये हापिस?"

सोमवारी आम्ही दार उघडायच्या आधीच हजर. फोनवरच्या बाई प्रत्यक्षात एवढ्याशा, चष्मा गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी कागद पुढे केला. मी सही केली, वडिलांनीही केली, प्रत्येक अक्षर सुटं काढून.

"ठरलं मग?" बाईंनी विचारलं.

"व्हय. लढू द्या तिला."

"अहो, इथे समिती आहे, कुस्ती नाही."

"त्येच त्ये," वडील म्हणाले. मग जरा पुढे झुकून, "आन् त्या दुसऱ्या पोराचं काय हो? त्याच्या वडलांनी गरिबाचा फार्म बी भरलाय का? नसंल भरला तर सांगा त्यांना."

"दुसऱ्यांच्या अर्जाबद्दल आम्ही बोलत नाही," बाई म्हणाल्या. मग चष्मा डोळ्यांवर चढवून समोरच्या फायलीकडे बघत म्हणाल्या, "पण दोन्ही अर्ज भरा म्हणून आम्ही सगळ्यांनाच सांगतो. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना." वडिलांना केवढं हायसं वाटलं! बाहेर पडताना त्यांनी मला विचारलं, "काकड्या संपल्या आसतील का गं त्यांच्या?"

बारावीचा निकाल लागला, मार्क चांगले पडले, आणि त्यानंतर काही दिवसांनी विद्यापीठाची मेल आली. सकाळची वेळ. मी वडिलांबरोबर मंडईत गेले होते, कारण पुढे शहरातच मॅडमना पेढे द्यायला जायचं होतं. त्यासाठी मुद्दाम नवा, पांढरा कुर्ता घातला होता. वडील डिकीतून काकडीचे क्रेट उतरवत होते आणि मी गाडीला टेकून फोन बघत होते.

ऑनर्सला निवड झाल्याचं पहिल्याच ओळीत होतं. मी ओरडणार, तेवढ्यात पुढचा परिच्छेद दिसला. मेरिट स्कॉलरशिप या वर्षी आपल्याला देता येत नाही. मी तो परिच्छेद पुन्हा वाचला, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर तो बदलणार होता.

"काय झालं?" वडिलांनी क्रेट खाली ठेवला.

"ऑनर्स मिळालं," मी म्हटलं, "स्कॉलरशिप नाही मिळाली." आणि भर मंडईत, कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी मला रडू फुटलं.

वडिलांचा चेहरा पडला. त्यांना भलतीच भीती वाटत होती, ती मला त्यांच्या पुढच्या वाक्यावरून कळली. "माज्यामुळं तर न्हाय ना? म्या तिथं जाऊन बोललो म्हनून?"

ते मलाही जाणून घ्यायचंच होतं. मी विभागात फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"आपला अर्ज शेवटपर्यंत होता," त्या म्हणाल्या. "तो मधला प्रकार समितीपुढे गेलाच नाही, माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आपण कमी पडला नाहीत. काही जण आपल्यापेक्षा जास्त चांगले होते, इतकंच. दुसऱ्या वर्षी, पहिल्या वर्षाच्या निकालावर पुन्हा असते. अभ्यास करा." आणि फोन ठेवला.

हे ऐकून मला आणखी वाईट वाटायला हवं होतं. पण झालं उलटंच. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आतून मात्र काहीतरी मोकळं होत होतं. काही जण जास्त चांगले होते. म्हणजे मला कुणी पैशाकडे बघून आत घेतलं नव्हतं आणि पैशाकडे बघून बाहेरही ठेवलं नव्हतं. मी उतरले होते आणि पडले होते.

वडिलांनी क्रेट पायानं बाजूला सारला. ते माझ्या मागे आले आणि मला पाठीवर त्यांचा तळहात जाणवला. आधी वाटलं, थोपटतायत. पण ते थोपटणं नव्हतं. खांद्यापासून खाली, पुन्हा खांद्यापासून खाली, जोरजोरात, अगदी नीट, ते माझी पाठ झटकत होते. गाळेवाला हातात तराजू तसाच धरून बघत राहिला. पाठ साफ झाल्याची खात्री झाली तेव्हाच ते थांबले. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "चांगली लढलीस."

खरं तर माझ्या पाठीला काहीच लागलेलं नव्हतं. माती होती ती त्यांच्याच हातांना, पहाटे काकड्या तोडताना लागलेली, आणि ती सगळी माझ्या नव्या कुर्त्याला लागली. मला पत्ताच नव्हता. तशीच मी मॅडमकडे जाऊन आले. पेढा खाऊन त्या "बरं झालं" म्हणाल्या आणि पाठीबद्दल त्यांनी, नवल म्हणजे, एक शब्दही काढला नाही.

घरी आल्यावर आईनं बघितलं. "अगं बया, पाठीला येवढी माती कुठली?"

मी वडिलांकडे पाहिलं. ते जेवायला बसले होते. भाकरीचा तुकडा मोडत, वर न बघता ते आईला म्हणाले, "मैदानातली हाय. कुर्ता धुऊन ठेव. पुढल्या कुस्तीला लागंल."